नऊ वर्षे आधी, एक महिना नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बर्लिनची भिंत पडल्याच्या दिवसानिमित्त आपण छापलेला लेख वाचला. लेख मन लावून लिहिलेला आहे. पण १९६१ साली भिंत उभी राहिली आणि जर्मनी तुटला, ९ नोव्हेंबर १९८९ ला ती पडली आणि माणसे मोकळी झाली, एवढेच त्यातून वाचकाच्या मनात राहते. बर्लिनबाहेरच्या खेड्यांचे काय झाले, याबद्दल अवाक्षर नाही. म्हणून हे पत्र.

मी निवृत्त भूकरमापक. चौतीस वर्षे हद्दी मोजण्यात गेली. मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या होफ शहरात असते. तिच्याकडे गेलो असताना जवळचेच म्योडलारॉइट हे गाव पाहायला मी मुद्दाम गेलो, तेही एकदा नाही, तीनदा. जेमतेम पन्नासेक वस्तीचे गाव. तिकडे ज्या गावांच्या नावाच्या शेवटी 'रॉइट' येते, ती जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीवर वसलेली असतात. गावाच्या मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो. ओढा म्हणजे किती, तर काही ठिकाणी लांब टांग टाकली की माणूस पलीकडे.

१८१० साली या ओढ्याच्या कडेने हद्दीचे दगड रोवले गेले. एका अंगाला बव्हेरियाचे राज्य, दुसऱ्या अंगाला रॉइस संस्थान, जे पुढे थुरिंगिया राज्यात गेले. दगडाच्या एका बाजूला 'केबी' आणि दुसऱ्या बाजूला 'एफआर' ही त्या दोघांच्या जर्मन नावांची आद्याक्षरे कोरलेली. मी खाली बसून त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. काम पक्के आहे. ओढ्याचे पात्र सरकते, त्याच्या भरवशावर हद्द सोडायची नसते, हे त्या मोजणीदाराला ठाऊक होते. आणि या हद्दीचा गावाला शंभराहून अधिक वर्षे काही त्रास झाला नाही. शाळा थुरिंगियाच्या अंगाला, गावची खानावळही तिकडेच, चर्चला मात्र सगळे बव्हेरियातल्या ट्योपेनला जात. सोयरीक, शेते, वाटा सगळे एकच.

दुसऱ्या महायुद्धानंतर तीच रेघ रशियन आणि अमेरिकन ताब्यातल्या मुलखांची हद्द झाली, १९४९ पासून दोन देशांची: बव्हेरियाचे अंग पश्चिम जर्मनीत, थुरिंगियाचे पूर्व जर्मनीत. खरा घाव बसला तो १९५२ मध्ये, बर्लिनच्या भिंतीच्या नऊ वर्षे आधी. पूर्व जर्मनीने सगळ्या हद्दीला लागून दहा मीटरची पट्टी नांगरून, दंताळ्याने सारखी करून ठेवली, पाऊल पडले तर उमटावे म्हणून. त्यामागे पाचशे मीटरचा पट्टा, त्यामागे पाच किलोमीटरचा बंदी असलेला मुलूख. सरकारला ज्यांचा भरवसा वाटत नव्हता अशा आठ हजारांवर माणसांना त्या उन्हाळ्यात हद्दीलगतच्या गावांतून सामानसुमानासह उचलून आत नेले. थुरिंगियात या मोहिमेला जे नाव पडले त्याचा अर्थ होतो 'उवा-पिसवा, कीड'. ते वाचून मी संग्रहालयातल्या बाकावर बराच वेळ बसून होतो. मोजणीच्या कागदावर माणसाची नोंद कशी होते ते मी जन्मभर पाहिले आहे, पण अशी नोंद नाही.

म्योडलारॉइटमध्ये आधी फळ्यांचे कुंपण आले, १९६६ साली काँक्रीटची भिंत. सातशे मीटर लांब, तीन मीटरहून उंच. अमेरिकन सैनिक गावाला 'छोटे बर्लिन' म्हणत. पश्चिमेकडची माणसे ओढ्यापर्यंत येऊन हात हलवत, पूर्वेकडच्यांना उलट हात हलवायलाही मनाई. समोर आपलाच नातलग उभा आहे आणि आपण हात खाली ठेवून घरात जायचे, असे किती वर्षे काढली असतील त्यांनी!

बर्लिनमध्ये लोक भिंतीवर चढून नाचत होते, तेव्हाही या गावातली भिंत जशीच्या तशी होती. इथे पायी जाण्यापुरती वाट उघडली ती ९ डिसेंबर १९८९ ला, पूर्ण एक महिन्याने. पुढच्या जूनमध्ये यंत्र लावून भिंत पाडली. थोडा तुकडा तेवढा संग्रहालयासाठी राखला आहे.

ओढ्याची हद्द आजही आहे. अर्धे गाव बव्हेरियात, अर्धे थुरिंगियात. महापौर दोन, पिनकोड दोन, गाड्यांच्या पाट्याही वेगळ्या. नमस्कार करताना बव्हेरियाच्या बाजूला 'ग्र्युस गॉट' म्हणतात, पलीकडे 'गुटन टाग'. मी फळीवरून ओढा ओलांडला तेव्हा दोन्ही ऐकले.

आपल्याला विनंती एवढीच, की दरवर्षी नोव्हेंबरात बर्लिनवर पान द्याल ते द्याच, पण ९ डिसेंबरला अर्धा रकाना या गावासाठी ठेवा.

आपला नम्र,
एक निवृत्त भूकरमापक