गरम झाल्यावर बंद पडणारी जीप

पौड, १४ जुलै

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. आंबोली घाट चढताना तुझी पेट्रोल जीप निम्म्यावर बंद पडते, अर्धा तास बॉनेट उघडे ठेवले की काही झालेच नाही अशी सुरू होते, आणि कॉइल, प्लग व प्लगच्या वायरी नव्या घालूनही तेच चालले आहे, हे वाचून वाईट वाटले. गेल्या पावसाळ्यात माझ्या जीपने ताम्हिणीत अगदी हेच केले होते. दोघांचेही इंजिन २.२ लिटरचे जुने हरिकेन आणि दोघांच्याही डिलकोत (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये) अजून पॉइंट-कंडेन्सरच (उघडमीट करून कॉइलचा करंट तोडणारे पॉइंट आणि त्यांच्या जोडीचा कंडेन्सर), म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी गॅरेजात पोहोचेपर्यंत थंड होते आणि थंड गाडीत दोष सापडत नाही. मग अंदाजाने एकेक भाग बदलला जातो. दोष हजर असताना, घाटातच, गरम इंजिनावर तपासणी झाली पाहिजे. त्यासाठी ५ वॅटचा बारा व्होल्टचा पार्किंगचा बल्ब, होल्डर आणि क्लिपा लावलेल्या दोन वायरी एवढे पुरते.

गाडी बंद पडताच आधी करंट तुटतो आहे की पेट्रोल, हे ठरव. कॉइलची मधली वायर डिलकोच्या टोपीतून काढ, रबरी मुठीच्या पक्कडीने तिचे टोक ब्लॉकपासून ६ मिलिमीटरवर धर आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांग. निळसर ठिणगी तडतडत उडाली, तर कॉइलपर्यंत सगळे ठीक आहे. मग टोपी आणि तिच्याखाली फिरणारा रोटर पाहा, आणि तेही चांगले निघाले तर तापलेल्या पाइपात पेट्रोलची वाफ अडते आहे का ते पाहा. ठिणगी नसेल तरच बल्ब काढ.

बल्बची एक क्लिप ब्लॉकला आणि दुसरी कॉइलच्या चावीकडून येणाऱ्या टर्मिनलला लाव. चावी फिरवल्यावर बल्ब लागला नाही, तर दोष चावीत, फ्यूजमध्ये किंवा मधल्या जोडणीत आहे. लागला, तर तीच क्लिप डिलकोकडे जाणाऱ्या टर्मिनलला लाव आणि सेल्फ मारायला सांग. पॉइंट उघडले की बल्ब लागतो, मिटले की विझतो, म्हणून तो लुकलुकला पाहिजे. सतत विझलेला राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट झाला आहे; सतत लागलेला राहिला, तर पॉइंटपर्यंतचा रस्ताच तुटला आहे. (ही रीत फक्त पॉइंटच्या गाडीसाठी, कंप्यूटर असलेल्या गाडीला असा बल्ब लावू नकोस.)

ताम्हिणीत माझा बल्ब सतत लागलेलाच राहिला. टोपी काढली, तर पॉइंट स्वच्छ, गॅपही ०.०२० इंच बरोबर. मग डिलकोच्या टर्मिनलपासून पॉइंटकडे जाणारी जेमतेम दोन इंचांची मऊ वायर चिमटीत धरून हलकेच ओढली, आणि ती रबरासारखी ताणली गेली. आतली तांब्याची तार तुटली होती, वरचे आवरण मात्र शाबूत होते. थंड असताना तुटलेली टोके एकमेकांना टेकत आणि गाडी चाले. तापल्यावर आवरण सैल पडे आणि टोके सुटत. त्या पावसात हातात धरलेली ती वायर मी अजून जपून ठेवली आहे. तुझी वायर आजच ओढून पाहा. ती चांगली निघाली, तर दुसरा संशय कंडेन्सरवर घे. तोही तापल्यावरच दगा देतो, आणि तेव्हा पॉइंटच्या तोंडावर जळाल्याचे काळेनिळे डाग दिसतात.

सेल्फ कधी कधी नुसता टक् करतो असेही तू लिहिले आहेस. बॅटरी बदलण्याआधी तिचे व्होल्टेज मोज; गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ च्या आसपास भरले, तर बॅटरी बहुधा चांगली आहे. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकला लावून सेल्फ मार. ०.३ व्होल्टच्या आत आकडा हवा. माझ्याकडे तो १.८ आला होता. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे त्याचे अर्थिंग (करंट बॅटरीकडे परतण्याची वाट) चासीला जोडलेल्या एका विणलेल्या पट्टीतूनच जाते, आणि ओढ्यातल्या चिखलाने ती पट्टी बोल्टाखाली गंजते. तेव्हा करंट मिळेल त्या वाटेने परततो: माझी चोकची केबल हाताला गरम लागत होती. पट्टी नवी घातली, चासीवरचा रंग खरवडून लखलखीत धातूवर बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावले, आणि सेल्फ पहिल्यासारखा फिरू लागला.

एका बाबतीत मात्र तुझे म्हणणे मला मान्य नाही. पाणी जाऊ नये म्हणून डिलकोची टोपी सिलिकॉनने पूर्ण बंद केलीस, ते काढून टाक. आतल्या दमटपणाला बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर थंड झाल्यावर आतच दव साचते. ओढा ओलांडल्यावर टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पूस, आणि पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर टोपी बदल; त्या रेघेवरून करंट पळतो आणि ती पुसून जात नाही.

फॉगलॅम्पसाठी टेपने गुंडाळलेली जी वायर थेट बॅटरीवर नेली आहेस, तिला बॅटरीजवळच फ्यूज घाल. याची मला खरोखर काळजी वाटते.

येत्या रविवारी घाट चढशील, तेव्हा बल्ब बरोबर ने, आणि तो लुकलुकला, लागून राहिला की विझला, एवढे मला लगेच कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
जुना मित्र