बाबांच्या होल्टर रिपोर्टबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

होल्टरचा, म्हणजे छातीला लावून दिवसभराचे ठोके नोंदवणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट नीट वाचला. आई, ‘ॲट्रियल टॅकीकार्डिया’ हे शब्द बघून तू रात्रभर जागलीस म्हणे, म्हणून आधी तुझ्याशी बोलते. 24 तासांत हृदयाचे साधारण लाखभर ठोके पडतात. बाबांचे त्यातले सलग 9 ठोके भरभर पडले आणि आपोआप थांबले, त्यालाच रिपोर्टमध्ये ते नाव दिलंय. या वयात होल्टर लावला की हे पुष्कळांच्या रिपोर्टमध्ये निघतं. हे ॲट्रियल फिब्रिलेशन (एएफ) नाही. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, तिथे रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. बाबांना ते नाही, म्हणूनच डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी आत्ता दिली नाही. कुणाच्या सांगण्यावरून ॲस्पिरिनही सुरू करू नका, रक्तस्रावाचा धोका उगाच वाढतो.

पण बाबा, ‘काही नाही ना, मग झालं’ म्हणत फाईल कपाटात टाकू नका. असे जादा ठोके ज्यांना वारंवार येतात, त्यांना पुढे एएफ होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. फुप्फुसांकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी उठणाऱ्या ठोक्यांतून एएफ सुरू होतं, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी 1998 साली दाखवलं. ठिणगी अनेकांच्या हृदयात पडते. कप्पे ताणून खराब झालेले असले की ती पेट घेते. आणि ते ताणतात वाढलेलं बीपी, वजन, आणि झोपेत अडकणारा श्वास.

माझी खरी काळजी तीच आहे. तुमचं घोरणं मध्येच बंद पडतं, खोलीत काहीच ऐकू येत नाही, मग दचकून मोठा श्वास ओढता. तेवढ्या वेळात ऑक्सिजन उतरतो, छातीतला दाब बदलतो आणि वरचे कप्पे ओढले जातात. रात्रीतून कितीतरी वेळा. ‘घोरणं आमच्या घराण्यातच आहे’ हे कारण आता पुरे, स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास मोजणारी तपासणी, करायचीच. थायरॉइडही एकदा तपासून घेऊ.

आई, बाबांच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून मिनिटभर नाडी बघत जा. एखादा ठोका चुकला तर घाबरू नकोस. सगळाच ताल विस्कटला तर मात्र लगेच ईसीजी काढा. त्यात एएफ दिसलं, तर सत्तरी आणि बीपी दोन्ही असल्यामुळे बाबांना रक्त पातळ करणारी गोळी बहुधा लागेलच. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात लुळा पडला, तर तडक हॉस्पिटल गाठा. मला फोन नंतर.

स्लीप स्टडीची वेळ मी घेते. बाबा, कुठला दिवस जमेल ते आजच कळवा.

तुमची लेक