हाताची भूल कधी उतरणार, हे पेशंटला लिहून द्या

महोदय,

ज्वारीची काढणी होऊन कडब्याच्या गंजी लागल्या की कडबाकुट्टीत सापडलेले हात आमच्याकडे यायला लागतात. पंढरपूर भागात मी २२ वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. अशा वेळी बहुधा पूर्ण भूल देत नाही. कॉलर बोनच्या वर, हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जुडग्याभोवती इंजेक्शन देऊन तेवढा हात बधिर करतो. पेशंट जागा असतो, बोलतो.

नुसतं ब्युपिव्हॅकेन, म्हणजे बधिर करायचं औषध, दिलं तर दुपारी बधिर केलेला हात मध्यरात्रीच्या सुमारास जागा होतो. भूल एकदम उतरते आणि दुखणं एकदम चढतं. रात्री दोनला एखाद्या पेशंट बाईच्या मुलाचा फोन येतो, "मॅडम, आई ओरडतीय, काय करू?" वॉर्डात एकच सिस्टर, गोळ्या सकाळी लिहिलेल्या. असे फोन मी कितीतरी घेतले आहेत.

म्हणून भुलीत जोडीचं औषध मिसळतात. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिसळलं तर हीच भूल १०-१२ तासांवरून २० तासांच्या आसपास जाते, पहिली रात्र झोपेत निघते. डेक्समेडेटोमिडिन या गुंगीच्या औषधानेही वेळ वाढतो, पण नाडी मंदावते, बीपी उतरतं, म्हणून पेशंटवर नजर ठेवायला माणूस लागतो. डेक्सामेथासोन नसेभोवती द्यावं, असं मात्र त्याच्या बाटलीवर कुठे छापलेलं नसतं. तेच औषध शिरेतून दिलं तरी बराचसा फायदा मिळतो, आणि मी आता बहुतेकदा तसंच देते. मधुमेह असेल तर दोन दिवस साखर तपासायला सांगते.

पण हे सगळं पेशंटला कोण सांगतं? पाच-सहा वर्षांपूर्वी साठीच्या एका शेतकऱ्याच्या बोटं हलवणाऱ्या शिरा जोडल्या. भुलीत मी डेक्सामेथासोन घातलं होतं आणि त्यांना सांगितलं होतं, "रात्रीपर्यंत हात हलेल." जोडीच्या औषधाचा हिशेब मी बोलताना धरलाच नाही. चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजले तरी हात मेल्यासारखा. मी दुसऱ्या गावी ऑपरेशनला होते, फोन बंद. घरच्यांनी जीप केली आणि सोलापूर गाठलं. टाके काढायला आले तेव्हा ते म्हणाले, "वाटेत एकेक बोट नखानं दाबून बघत होतो, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. म्हटलं, हात गेला." सोलापुरात पोचेपर्यंत बोटं हलायला लागली होती.

बधिर हात चुलीजवळ टेकून भाजलेली एक बाईही मी पाहिली आहे. तिला काही कळलंच नाही, वासाने कळलं.

माझी विनंती साधी आहे. डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहा: भूल किती वाजता दिली, त्यात काय मिसळलं, हात साधारण कधी जागा होईल, आणि दुखण्याची पहिली गोळी त्याच्या आधी किती वाजता घ्यायची. हात झोळीत ठेवा, गरम भांड्यापासून लांब ठेवा. आणि भूल देणाऱ्याचा नंबर. तालुक्याला आम्ही भूलतज्ज्ञ दिवसाला चार-चार दवाखाने फिरतो. रात्री पेशंटला आमचं नावसुद्धा माहीत नसतं.

भूल जितकी लांब तितकी चांगली, असंही कुणी समजू नये. कोपराखालची दोन्ही हाडं चिरडून मोडली असतील, हात सुजत असेल, तर मी जोडीचं औषध घालत नाही, ब्लॉकसुद्धा, म्हणजे हात बधिर करायचं हे इंजेक्शन, सर्जनशी बोलूनच देते. सुजेने हाताच्या आत दाब वाढला की पहिली हाक दुखण्याचीच असते, ती दाबून चालत नाही. प्लास्टरमध्ये बोटं निळी-गार पडली, फुगली, किंवा भूल असूनही हात ठणकायला लागला, तर भूल उतरायची वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात या. माझ्या पेशंटच्या झोळीवर मी आता स्केचपेनने वेळ लिहिते, आणि त्याच्याखाली माझा नंबर.

आपली,
एक भूलतज्ज्ञ, पंढरपूर