अडचण अज्ञानाची नव्हे, भिडेची

रविवारच्या पुरवणीतील तरुणांच्या लैंगिक आरोग्यावरचा लेख वाचला. बांधिलकी नसलेल्या संबंधांतील बेफिकिरीचे खापर त्यात अज्ञानावर फोडले आहे. ते पटले नाही. सात रस्ता परिसरात माझे औषधाचे दुकान आहे. तातडीची गर्भनिरोधक गोळी मागणाऱ्यांना निरोध ठाऊक नसतो असे नाही. त्यांना धास्ती असते ती दिवस जाण्याची, आजाराची नव्हे. आणि ही गोळी एचआयव्ही किंवा सिफिलिसपासून कसलेच संरक्षण देत नाही. काहींना वाटते, निरोधाचा विषय काढला तर समोरच्याला तो अविश्वास वाटेल. काही जण तर ओळखीचे गिऱ्हाईक दिसताच डोकेदुखीची गोळी घेऊन परत फिरतात. (सोलापुरात ओळखीचे कुणी भेटणार नाही असे दुकान सापडणे कठीणच!) अशांना आजारांची यादी ऐकवून काय उपयोग? सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी (समुपदेशन व चाचणी) केंद्रांत एचआयव्ही चाचणी मोफत होते, २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने त्यासाठी संमती आणि गोपनीयता बंधनकारक आहे, १०९७ ही एड्स हेल्पलाइनही मोफत आहे. एवढ्या मोठ्या लेखात याला एक ओळही मिळू नये?

– एक औषधविक्रेता, सोलापूर