संकेतस्थळ मोडेल, फाइल टिकली पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या ग्रंथालयांतील दुर्मिळ मराठी पुस्तकांचे डिजिटायझेशन होणार, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. बातमीत आकडा पानांचा असतो: इतकी लाख पाने स्कॅन झाली. ही पाने पाच वर्षांनी कशावर आणि कशी उघडतील, हे कुणी विचारत नाही आणि प्रकल्पाच्या कागदपत्रांतही ते सहसा सापडत नाही. डिजिटल ग्रंथालयाचा आराखडा आपल्याकडे वाचनालयाच्या इमारतीसारखाच होतो. निविदा, काम, उद्घाटन, अंतिम देयक. पण इमारत चाळीस वर्षे उभी राहते आणि संकेतस्थळ पाच-सात वर्षांत मोडकळीला येते, कारण त्याच्या पायाखालची जमीनच सरकत असते.

‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. या शतकाच्या सुरुवातीला बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ, सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था आदींच्या सहभागातून हा प्रकल्प (डीएलआय) उभा राहिला. त्यात मराठी पुस्तकेही मोठ्या संख्येने होती. पाने टिफ या प्रतिमा-स्वरूपात होती. बहुतेक ब्राउझर टिफ आपणहून दाखवत नाहीत, म्हणून वाचकाला ब्राउझरमध्ये वेगळे जोड-सॉफ्टवेअर, म्हणजे प्लग-इन, बसवावे लागे. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने, ॲनिमेशन दाखवणाऱ्या फ्लॅशचा अपवाद वगळता, जुन्या पद्धतीचे प्लग-इन बंद केले. मोबाइलवर तर ते जवळपास चाललेच नाहीत. पुढे मूळ संकेतस्थळही बंद झाले. पुस्तके बचावली ती केवळ त्यांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतील ना-नफा डिजिटल ग्रंथालयात पोचल्या होत्या म्हणून. तिथल्या प्रतींच्या ओळखनावात डीएलआयचा जुना क्रमांक आजही दिसतो. म्हणजे दाखवणारे सॉफ्टवेअर गेले, पत्ता गेला, पण फाइल आणि क्रमांक टिकले. ग्रंथनोंदींचे मात्र हाल आहेत. मराठी नावे रोमन लिपीत, स्वर दुप्पट करून आणि मध्येच अपॉस्ट्रॉफी टाकून लिहिलेली. देवनागरीत शोधणाऱ्याला पुस्तक असूनही मिळत नाही.

आराखडा करताना म्हणूनच पहिल्या पानावर दोन याद्या वेगळ्या कराव्यात. मूळ प्रतिमा, ग्रंथनोंद आणि कायमचा क्रमांक या तीन गोष्टी टिकवायच्या. बाकी सगळे, म्हणजे संकेतस्थळ, शोधयंत्रणा, पान उलटणारी ‘फ्लिप बुक’, ॲप, हे टाकाऊ समजायचे आणि दर पाच वर्षांनी बदलायचे ठरवूनच घ्यायचे. प्रत्यक्षात उलटे होते. पैसा दिसणाऱ्या गोष्टींवर जातो. पान उलटल्याचा आवाज काढणारी फ्लॅशमधली पुस्तके अनेकांनी हौसेने करून घेतली. ३१ डिसेंबर २०२० नंतर फ्लॅशच संपले.

मूळ प्रतिमेचा हिशेब एकदा नीट मांडावा. साडेपाच बाय साडेआठ इंचांचे डेमी पान ४०० डीपीआयवर (इंचाला ४०० बिंदू) रंगीत स्कॅन केले, तर साधारण ७५ लाख बिंदू होतात, म्हणजे न दाबलेली फाइल सुमारे २२ एमबीची. तीनशे पानांचे पुस्तक पावणेसात जीबी, हजार पुस्तके पावणेसात टीबी. हा आकडा पाहून पहिली काटकसर इथेच होते आणि पाने शुद्ध काळी-पांढरी स्कॅन केली जातात. काळ्या-पांढऱ्यात यंत्र प्रत्येक बिंदू काळा की पांढरा हे जागच्या जागी ठरवते. पिवळ्या, ठिसूळ कागदावर फिकट अनुस्वार पांढऱ्यात जातो आणि कागदावरचा डाग अनुस्वार होऊन बसतो. मराठीत हे किरकोळ नाही. मधला मार्ग करड्या छटांचा आहे. त्याला रंगीतच्या एक तृतीयांश जागा लागते, म्हणजे हजार पुस्तकांना सव्वादोन टीबी. तीन प्रती ठेवायच्या तर चार टीबीच्या तीन हार्ड डिस्क. रंगीत चित्रे, नकाशे, हस्ताक्षरे असतील तेवढीच पाने रंगीत घ्यावीत.

बदलत्या तंत्रज्ञानाचा फायदा कुणाला मिळणार, हेही इथेच ठरते. छापील मजकुरातून अक्षरे ओळखणारे ओसीआर मराठीसाठी फार काळ कामचलाऊ होते. टेसरॅक्ट या मुक्त ओसीआरच्या २०१८ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून न्यूरल (नमुन्यांवरून शिकणारी) पद्धत वापरात आली आणि जोडाक्षरे बरीच सुधारली. पुढची साधने आणखी बरी असतील. ज्यांच्याकडे करड्या छटांच्या प्रतिमा आहेत, त्यांनी त्यांवर नवे ओसीआर चालवायचे, बस्स. ज्यांनी कमी दर्जाचे काळे-पांढरे पीडीएफ करून ठेवले, त्यांना तेच पुस्तक पुन्हा कपाटातून काढावे लागेल, आणि शंभर वर्षांच्या कागदाला दुसरे स्कॅनिंग सोसेलच असे नाही. म्हणून ओसीआरचा मजकूर प्रतिमेत कायमचा न मिसळता वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा, त्यावर साधनाचे नाव, आवृत्ती आणि तारीख लिहावी.

शोधाची अडचण मराठीत आणखी एका जागी आहे आणि कोणतेही आयते परदेशी सॉफ्टवेअर ती सोडवून देत नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तें’ असते, आजचा वाचक ‘नाही’, ‘काही’, ‘ते’ टाइप करतो. शोध घेताना अनुस्वार दुर्लक्षित करणारी सोय करून घ्यावी, मूळ मजकुरातला अनुस्वार मात्र काढू नये. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातील अक्षरांच्या जागतिक संकेतावलीत, स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये. त्याआधी ते ‘अ’वर चंद्र देऊन जुळवले जाई. दिसायला दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. ‘ऱ्या’ची गतही तीच.

ग्रंथनोंदी करताना दोन चुका हमखास होतात. जुन्या याद्या श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. त्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप केलेला असतो, आणि प्रत्येक फाँटची अक्षरजुळणी निराळी. एकाच परिवर्तकातून सगळे काढले की ‘कीर्ती’, ‘वार्षिक’ असल्या शब्दांचा चुराडा होतो. रफार आणि वेलांटी असलेले दोनशे शब्द आधी तपासावेत, मग पूर्ण यादी बदलावी. दुसरी चूक शकाची. मुखपृष्ठावर ‘शके १८२०’ असते, नोंद करणारा रकान्यात १८२० लिहितो आणि पुस्तक ७८ वर्षांनी जुने होते. शक आणि इसवी सन यांचे रकाने वेगळे ठेवावेत. (शकवर्षाचा शेवटचा भाग पुढच्या इसवी सनात जातो, त्यामुळे महिना माहीत नसेल तर ‘१८९८-९९’ लिहिणे अधिक प्रामाणिक.)

लेखकाच्या मृत्यूच्या वर्षाचाही रकाना हवा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून ६० वर्षे प्रताधिकार असतो. १९६५ मध्ये वारलेल्या लेखकाची पुस्तके १ जानेवारी २०२६ ला खुली झाली. हा रकाना भरलेला असेल, तर दर जानेवारीत कोणती पुस्तके सर्वांना उघडायची, ही यादी एका शोधात निघते. भाषांतरकाराचे वर्ष वेगळे नोंदवावे. प्रताधिकार शिल्लक असलेल्या पुस्तकांनाही स्कॅनिंगची पूर्ण मनाई नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. ती सर्वांसाठी चढवता मात्र येत नाही. हा भेद न पाळल्याने एका तक्रारीसरशी सगळेच बंद करण्याची वेळ येते.

कायमच्या क्रमांकाबद्दल एक खूण सांगतो, कुणालाही घरबसल्या तपासता येईल. आपल्याकडच्या अनेक संस्थांची भांडारे डीस्पेस या मुक्त सॉफ्टवेअरवर आहेत. त्यांच्या दुव्यात १२३४५६७८९ हा आकडा दिसला, तर समजावे की सॉफ्टवेअरसोबत आलेला नमुना-क्रमांकच वापरात आहे. संस्थेने स्वतःचा हँडल उपसर्ग, म्हणजे कायमच्या दुव्यांसाठी मिळणारा संस्थेचा क्रमांक, नोंदवलेलाच नाही. पत्ता बदलला की असे दुवे मेले. स्वतःचा उपसर्ग घेणे जमत नसेल, तर निदान दाखल क्रमांकावर आधारलेले साधे, न बदलणारे फाइलनाव द्यावे. त्यात पुस्तकाचे नाव, विभाग, वर्ष काहीही घालू नये, कारण ते सगळे पुढे दुरुस्त होते. डोमेन संस्थेच्याच नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर हवे. ते कंत्राटदाराच्या नावावर राहिले, तर करार संपल्यावर नूतनीकरण कुणी करत नाही आणि ग्रंथालयाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकतात.

याच डीस्पेसची सातवी आवृत्ती २०२१ मध्ये आली, तेव्हा वाचकाला दिसणारा भाग पूर्ण नव्याने लिहिलेला होता. ज्यांनी आधीच्या आवृत्तीत खास रचना, मराठी पाट्या, रंगरंगोटी करून घेतली होती, त्यांचे ते काम नव्यात नेताच येईना. परिणामी कित्येक जण जुन्याच आवृत्तीवर राहतात आणि तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबतात. सॉफ्टवेअरमध्ये जितका कमी खास बदल, तितके पुढचे स्थलांतर स्वस्त. प्रतिमा ‘ट्रिपल आय एफ’ (IIIF) या प्रतिमा देण्याच्या खुल्या, सामायिक पद्धतीने दिल्या, तर दाखवणारे सॉफ्टवेअर बदलले तरी प्रतिमांना हात लावावा लागत नाही. मोबाइलवरच्या वाचकाला दोनशे एमबीचे पीडीएफ उतरवायला लावण्यापेक्षा दोन-तीनशे केबीचे एकेक पान दाखवणे केव्हाही बरे.

अलीकडे नवीच आपत्ती आली आहे. एआयसाठी मजकूर गोळा करणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, भांडारांवर तुटून पडतात आणि काय उघडू नये हे सांगणाऱ्या ‘रोबोट्स’ फाइलमधली विनंती पाळतीलच असे नाही. सर्व्हर कोलमडतो तो पुस्तके वाचली गेल्यामुळे नव्हे, तर लेखक, वर्ष, विषय अशा गाळण्यांच्या हजारो जोड्या बॉट एकामागून एक उघडतो म्हणून. या गाळण्या मर्यादित ठेवाव्यात आणि सर्व पुस्तकांची साधी, स्थिर पानांची यादी वेगळी द्यावी. ती वाचकांनाही उपयोगी पडते. मूळ प्रतिमा मात्र इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर असूच नयेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिची तालिका पुन्हा दिसू लागायला जानेवारी उजाडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हही काही दिवस बंद होते. तिथे प्रत ठेवावी, जरूर ठेवावी, पण एकमेव नव्हे.

गावातल्या ‘ड’ वर्गाच्या (सर्वांत लहान श्रेणीच्या) वाचनालयाने यातले सगळे करू नये. त्याने ई-ग्रंथालय या सरकारी सॉफ्टवेअरसारख्या सामायिक प्रणालीत नोंदी नीट भराव्यात आणि इंटरनेट आर्काइव्ह व राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय तपासून, कुठेच नसलेली पुस्तके तेवढी जिल्ह्याच्या सामायिक केंद्राकडे स्कॅनिंगला द्यावीत. तेच गाजलेले पुस्तक पाच गावांत पाचदा स्कॅन करण्यात पैसा जातो आणि स्थानिक संस्थानचा अहवाल किंवा तालुक्यातले साप्ताहिक वाळवी खाते.

निविदेत पैसे पानांवर न देता तपासलेल्या पुस्तकांवर द्यावेत. पानांवर दिले की घाई होते: बांधणीत दबलेल्या ओळी, घडी न उलगडलेले नकाशे, कोपऱ्यात अंगठा. प्रत्येक पुस्तकाची पाने छापील प्रतीशी मोजावीत, शंभरातली पाच पुस्तके पानन् पान पाहावीत, आणि त्यांत दोष निघाला तर पूर्ण गठ्ठा परत करावा. एकूण रकमेतला किमान पाचवा हिस्सा पुढच्या वर्षांच्या देखभालीसाठी राखून ठेवावा, आणि आराखड्याचा तांत्रिक भाग दरवर्षी पुन्हा लिहावा. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या बोटाचा ठसा, सोबत घ्यावा आणि वर्षातून एकदा ताडून पाहावा. कपाटात पडून राहिलेली हार्ड डिस्क आतल्या आत बिघडते आणि ते कळते गरज पडल्यावर.

अंतिम देयकावर सही करण्याआधी एक चाचणी सक्तीची असावी. कंत्राटदाराने दिलेली डिस्क ग्रंथालयातल्या, इंटरनेट नसलेल्या आणि त्याचे सॉफ्टवेअर नसलेल्या संगणकाला जोडायची. ग्रंथपालाने दाखल नोंदवहीतून कोणतेही दहा क्रमांक सांगायचे. त्या क्रमांकांची पाने, नोंद आणि चेकसम तासाभरात हाती लागले नाहीत, तर देयक थांबवावे.

आपला,
ग्रंथालय क्षेत्रातील एक वाचक, सातारा