साधने कुलपात, मुले बाकांवर

संपादक महोदय,

नातीच्या प्रवेशाच्या निमित्ताने अलीकडेच पाटीवर 'मॉन्टेसरी' असे लिहिलेली एक शाळा पाहिली. लहान-मोठ्या घनांचा गुलाबी मनोरा, दट्टे बसवायचे खाचांचे लाकडी ठोकळे, खरखरीत कागदाची अक्षरे अशी या पद्धतीची सारी साधने तेथे होती. मात्र ती माझ्या खांद्याइतक्या उंचीवर, काचेच्या कपाटात कुलूपबंद होती आणि तीन-चार वर्षांची मुले हाताची घडी घालून ताईंच्या मागोमाग आकडे म्हणत होती. साधने हरवतात म्हणून आठवड्यातून एकदाच काढतो, असे सांगण्यात आले. बावीस वर्षे बालवाडीत काम केलेल्या मला याचे फार वाईट वाटले.

रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी या पद्धतीच्या जनक, इटालियन डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे पहिले बालगृह (लहान मुलांची शाळा) सुरू झाले, तेव्हा तेथील कपाटालाही कुलूपच असे. एकदा शिक्षिका ते लावायला विसरल्या आणि त्यानंतर शाळेत उशिरा पोहोचल्या. तोवर मुले आपापल्या पसंतीची वस्तू घेऊन कामाला लागलीही होती. शिक्षिकेला ती चोरी वाटली. मुलांना आपले काम आपण निवडता येते, हे मॉन्टेसरीबाईंनी त्यातून ओळखले आणि पुढे मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे आली.

मांडणीची उंची ही या पद्धतीत सजावटीची बाब नाही. दट्ट्यांच्या एका ठोकळ्यात वेगवेगळ्या मापांचे दहा दट्टे आणि त्यांच्याच मापाच्या दहा खाचा असतात. एक जरी दट्टा मोठ्या खाचेत बसवला, तरी शेवटी एक दट्टा उरतो, आणि ताईंनी काही न सांगता मूल पुन्हा सुरुवात करते. पण हे घडण्यासाठी तो ठोकळा मुलाला हवा तेव्हा घेता आला पाहिजे, सतरंजी पसरायला मोकळी जमीन पाहिजे आणि घंटा होऊन काम मध्येच तुटता कामा नये. प्रत्येक साधन एकच ठेवतात, त्यामुळे दुसऱ्याचे होईपर्यंत थांबणेही मूल तेथेच शिकते.

साधने महाग, म्हणून ती मुलांच्या हाती देता येत नाहीत, अशी खर्चाची सबब कोणी पुढे केली तर ती मला पटत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीच्या ग्रामीण भागात हेच तत्त्व शिंपले, बिया, खडे अशा परिसरातल्या वस्तूंवर चालवून दाखवले, आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी ते काम पुढे नेले. आपल्याच मातीतला हा अनुभव शहरी शाळांनी विसरावा, याची खंत वाटते.

पालकांना माझी विनंती आहे की, प्रवेश घेण्यापूर्वी चालू वर्गात अर्धा तास बसू देण्याची परवानगी मागावी, आणि तेवढ्या वेळात किती मुले कोणाला न विचारता उठून साधन घेतात व परत जागेवर ठेवतात, ते पाहावे. शाळांनीही ही परवानगी नाकारू नये.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, नाशिक