ताई, त्या चोवीस गोळ्यांबद्दल

आशाताई,

नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या दारात उभं राहून तुम्हीच म्हणाल, "काय हो दादा, गावभर केलासा!" आपल्या इचलकरंजीत घरोघरी आरोग्याची चौकशी करत फिरणाऱ्या आशाताई पुष्कळ आहेत, त्यामुळे ज्यांना कळायचं त्यांनाच कळेल.

आधी एक कबुली. २०२३ च्या ऑक्टोबरात तुमचा संप झाला, तेव्हा यंत्रमागावर चहा पिताना मी म्हणालो होतो, "ह्यांना काम तरी काय असतंय? वह्या घेऊन फिरायचं." सगळे हसले होते. पुढे सव्वा वर्षानं त्याच वह्यांपैकी एकीत माझं नाव चढलं.

जानेवारी २०२५. तुम्ही नेहमीच्या सर्वेला आला होता. "घरात कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला?" मी आतनंच "नाही" म्हणून ओरडलो, आणि ओरडल्यामुळेच खोकला आला. तुम्ही चप्पल काढून थेट आत. मागावर काम करणाऱ्या माणसाला खोकल्याचं काही वाटत नाही, कापसाची धूळ नाकातोंडात जायचीच. त्यात कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या दिल्या होत्या. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, ढिली झालेली पँट, हे सगळं मी वेगवेगळं धरून बसलो होतो. तुम्ही दोन मिनिटांत एकत्र केलंत आणि हातात थुंकीची डबी दिलीत. "सकाळी उठल्या उठल्या. चूळ भरा आणि खोल खोकून काढा. नुसती लाळ नको."

टीबी निघाला.

आईनं त्याच दिवशी माझं ताट, तांब्या वेगळा केला. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तिच्या लहानपणी गल्लीतला एक माणूस यातच गेला होता. तुम्ही तिला रागावला नाहीत. फक्त म्हणालात, "मावशी, टीबी ताटातनं पसरत नाही. खोकला की हवेत जातो. ताट राहू दे, ती खिडकी उघडा." आमची खिडकी दिवाळीच्या रंगानं चिकटून बसली होती. तुम्ही आईकडनं बत्ता मागून घेतलात आणि चौकटीला चार ठोके दिलेत. चौथ्या ठोक्याला रंगाचे पापुद्रे पडले आणि खिडकी उघडली. मग तिथंच खाली बसून तुम्ही चहा प्यायलात. त्या दिवसापासून ती खिडकी बंद झालेली नाही. डासांचा त्रास वेगळा, पण ते असू दे.

गोळ्या सुरू करताना तुम्ही आधीच बजावलं होतं, "लघवी नारिंगी होईल, रक्त समजून घाबरू नका." दुसऱ्या दिवशी झाली, तेव्हा भीतीपेक्षा तुमचंच वाक्य आधी आठवलं. वजन ४६ किलो म्हणून रोज तीन गोळ्या, चार औषधं एकत्र असलेल्या. सकाळी उपाशीपोटी, आणि नंतर तासभर पोटात डोंब. पायाचे सांधे असे धरायचे की जिना उतरताना मी म्हाताऱ्यासारखा कठड्याला धरून यायचो. तुम्ही दवाखान्यात विचारून आलात आणि सांगितलंत की हे त्या चारपैकी एका औषधामुळं होतंय, दोन महिने झाले की ते कमी होईल. ५६ डोस झाले, ते औषध बंद झालं, आणि आठवड्याभरात सांधे सुटले.

वजनकाटा तुम्ही कापडी पिशवीतनं आणायचा. आमची शहाबादी फरशी थोडी वरखाली आहे, म्हणून मोरीजवळची एकच फरशी तुम्ही काट्यासाठी ठरवून ठेवली होती. वजन कॅलेंडरवर लिहायचं, दुधाच्या हिशोबाशेजारी. "दूध अर्धा लिटर, दादा ४७.२." मार्चमध्ये ५१ झालं, आणि गोळ्या तीनच्या चार झाल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं आजार वाढला. तुम्ही खो खो हसलात. "अहो, वजनाप्रमाणं गोळ्या असतात. अंगावर मांस चढलंय तुमच्या, पेढे द्या."

पैशाचंही सांगतो. सरकारकडनं पोषण आहाराचे महिन्याला १,००० रुपये मिळतात, २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत ५०० मिळायचे, हे मला ठाऊकच नव्हतं. पहिले ३,००० अडकले, कारण खातं आधारला जोडलेलं नव्हतं. बँकेत माझ्यासोबत रांगेत तुम्ही उभ्या. त्या पैशाची घरात अंडी आली, शेंगदाणे आले, आणि दम लागतो म्हणून मागावर जात नव्हतो त्या दिवसांत मी निदान दुसऱ्याच्या जिवावर खातोय असं वाटलं नाही.

आता त्या चोवीस गोळ्या.

एप्रिलमध्ये जोतिबाची यात्रा होती. खोकला गेला होता, ताप गेला होता. पोरांबरोबर वाडी रत्नागिरीला गेलो, न थांबता डोंगर चढलो, सासनकाठीखाली गुलालात न्हाऊन निघालो. वर पोचल्यावर मनात आलं, झाला की बरा. दम लागला नाही म्हणजे संपलं. गोळ्या घरीच राहिल्या होत्या. परत आल्यावरही राहिल्याच. बायकोला वाटायचं मी घेतोय, मी तिला तसं वाटू देत होतो.

तुम्ही आलात, वजन घेतलंत, मग म्हणालात, "पाकिटं बघू." मी रिकामी पाकिटं दाखवली. तुम्ही गादीचं टोक उचललंत. कसं कळलं, अजून विचारलेलं नाही. खालच्या पाकिटातल्या गोळ्या नखानं एकेक टोचत मोजल्यात. चोवीस. "चोवीस भागिले चार," तुम्ही हळूच म्हणालात, "सहा दिवस." आई स्वयंपाकघरात होती, तिच्याकडं एकदा बघितलंत आणि आवाज आणखी खाली आणलात.

मला शिव्या पाहिजे होत्या. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो. तुम्ही विचारलंत, "बीमातला धागा तुटला तर काय करता?" तुमचे यजमानही मागावर आहेत, तुम्हाला उत्तर ठाऊक होतं. "माग थांबवतो. गाठ मारतो." "आणि नाही थांबवला तर?" तर पुढं तागाभर चीर येते, आणि तो तागा कुणी घेत नाही. तेवढ्यावर तुम्ही थांबलात. मग सांगितलंत की अंगात राहिलेले जंतू थोडे असतात पण चिवट असतात, आणि मध्येच औषध सोडलं की ते त्याच औषधाला जुमानत नाहीत. मग मोठा उपचार, मोठी औषधं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मला घेऊन गेलात आणि राहिलेले सहा दिवस पुढं जोडून घेतलेत.

घरी कुणाला कळलं नाही. आज हे वाचून कळेल, त्याला माझी हरकत नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा डोस, थुंकी साफ, वजन ५६. धाकटीच्या प्रतिबंधक गोळ्याही पूर्ण झाल्या, त्या चमच्यात विरघळवून द्यायची युक्ती तुमचीच. त्या दिवशी मी विचारलं, माझ्यामुळं तुम्हाला काय मिळालं? "तुमचा उपचार पूर्ण झाला की हजार रुपये." मी मागावरचा माणूस, मजुरीचा हिशोब डोक्यात आपोआप होतो. दिवसाला साधारण साडेपाच रुपये. चहासुद्धा येत नाही. संपाबद्दल जे बोललो होतो ते तेव्हाच सांगायचं होतं, पण जीभ उचलली नाही.

आता पुन्हा आठ माग सांभाळतोय. रात्रपाळी अजून घेत नाही.

शेजारच्या मागावर एक जण आहे, त्याला तुमचा नंबर दिलाय. त्याला विश्वास बसावा म्हणून मला झालं होतं हेही सगळ्यांसमोर सांगितलं. बुधवारी सकाळी येईल. खोकला किती दिवसांचा विचारलात तर आठवडा म्हणेल. दसऱ्यापासनं ऐकतोय मी.

तुमचा,
मोरीजवळच्या फरशीवरचा दादा